कुसाका सरांचा पत्ता

शुक्रवारी दुपारी तीनच्या आत मिसाओ ऐंशी लाख येन भरणार होती, फोनवरच्या गुंतवणूक गटातल्या, कधी न भेटलेल्या कुसाका सरांच्या सांगण्यावरून. नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे. तो जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. थोरल्या बहिणीला, ताकिकोला, हे आदल्या दिवशी कळलं.

ताकिको स्वतः आठ वर्षं एका नोंदणीकृत कंपनीमार्फत डॉलर-येनचे व्यवहार करत होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, बेताच्या पैशांत. तिने बहिणीच्या फोनवर आधीच्या भरण्याच्या नोंदी पाहिल्या. तीन लाख, दोन हप्त्यांत, दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर.

"कंपनीच्या खात्यात का नाही?"

"सर म्हणाले, परदेशी चलनाचे पैसे असेच फिरवतात."

"माझी कंपनी नाही फिरवत."

"तुझी कंपनी! आठ वर्षांत काय कमावलंस ताई? एक फ्रिज." मिसाओने फोन पुढे धरला. "माझ्या तीन लाखांचे पाच झाले, बघ. वीस हजार तर काढूनही पाहिले."

"ऐंशी लाख येणार असतील तर वीस हजार मीही देईन. बँकेने विचारलं तर?"

"घरदुरुस्ती सांगायची."

"हेही सरांनीच सांगितलं?"

मिसाओने फोन मागे ओढला. मग म्हणाली, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

ताकिकोने तो विषय सोडला. पोलिसांचं नाव काढलं तर बहीण उठून जाईल, एवढं तिला कळत होतं. मिसाओच भलत्या कारणाने कुरकुरू लागली. जुलै अर्धा उलटला होता आणि उपकार करणाऱ्यांना दर उन्हाळ्यात पाठवायची रीतीची भेट सरांना गेली नव्हती. इतके उपकार करणाऱ्याला ओकायामाचे पीच पाठवायचे नाहीत म्हणजे काय! तिने सरांना पत्ता विचारला होता. 'कंपनीच्या नियमानुसार भेटी स्वीकारत नाही,' असं उत्तर आलं.

"आणि गटातल्या नागासाकीच्या ओकुबो बाई लिहितात, त्यांचा केक सरांना फार आवडला. त्यांचा चालतो, माझे पीच चालत नाहीत!"

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय," ताकिको म्हणाली. "त्या बाईंना विचार ना, कुठे पाठवला."

मिसाओने विचारलं. तासाभराने पत्ता आला: ओसाकातली एक इमारत, चौदावा मजला.

शुक्रवारी सकाळी दोघी डिपार्टमेंट स्टोअरच्या भेटवस्तू विभागात बसल्या. मिसाओने सहा पीचची पेटी निवडली आणि फॉर्म भरला. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता संगणकात घातला, पुन्हा एकदा घातला.

"माफ करा हं. चौदाच ना?"

"चौदा."

"या इमारतीत आमच्या पेट्या दर वर्षी जातात. तिला नऊच मजले आहेत. आपण एकदा विचारून घ्याल का? फळ आहे, परत येईपर्यंत खराब होईल."

मागे रांग होती. मिसाओच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताकिको पीचच्या पेटीकडे बघत राहिली. बोललेलं उलटलं असतं.

"ओकुबो बाई चुकल्या असतील," मिसाओ म्हणाली आणि तिथेच सरांना लिहू लागली: ओकुबो बाईंचा केक आपल्याला कोणत्या मजल्यावर मिळाला?

उत्तर लगेच आलं. 'पैसे आधी. तीनला संधी संपते.'

तिने पुन्हा विचारलं, अतिशय नम्र भाषेत. या वेळी उत्तर आलं नाही. दहा मिनिटांनी तिने गट उघडला तर तो उघडेना. तिला काढून टाकलं होतं. पाच लाख दाखवणारं पानही बंद पडलं होतं.

"तीन लाख गेले," ती म्हणाली.

"गेले. त्या दोन नावांची तक्रार आजच करू."

"बँकेत जायचं नाही ना आता?"

"जायचं. खाती गोठवता येतात का, ते विचारायला."

मिसाओने फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला, काउंटरवरच्या बाईंची तीनदा वाकून माफी मागितली. सरकत्या जिन्यावर तिने विचारलं, "ताई, ओकुबो बाई मला रोज सकाळी लिहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनाही झोप लागत नाही म्हणाल्या होत्या. त्या तरी खऱ्या असतील ना?"

ओकुबो या नावामागे बाई होती की पुरुष, एक माणूस होता की चौघे, तेसुद्धा ताकिकोला सांगता येत नव्हतं. तिने बहिणीचा दंड धरला आणि दोघी खाली उतरल्या.