ॲक्सिलेटरवरचा पाय

बनाबाई गेल्यापासून उद्यमनगरातल्या गणपतरावाच्या गॅरेजचं दार निम्मंच उघडायचं. सात महिने झाले होते. ब्रेक, क्लच, स्प्रिंगचे पाटे असली साधी कामं तो घ्यायचा. पण चालू इंजिनातला दोष हुडकायचं काम आलं, की गडी सरळ हात जोडायचा. "आमचं माणूस न्हाय आता. दुसरीकडं बघा."

लोकांना वाटायचं, म्हातारा खचलाय. खचला होताच, त्यात खोटं काही नाही. पण गोष्ट तेवढीच नव्हती. असली कामं त्यानं अकरा वर्षं बायकोला बरोबर घेऊन केलेली. बनाबाई जेवणाचा डबा घेऊन यायची, ड्रायव्हरच्या जागेवर बसायची आणि ॲक्सिलेटरवर पाय ठेवायची. तो "धर" म्हणाला की धरायची, "सोड" म्हणाला की सोडायची. तिला गाडी चालवता येत नव्हती, हीच तिची खुबी. ड्रायव्हर माणसाचा पाय लई शहाणा. इंजिन अडखळलं की तो न सांगता दाबतो आणि दोष झाकून टाकतो. बनाबाईनं जन्मभर शिलाई मशीन मारलेलं. इंजिन खोकू दे नाहीतर बोंबलू दे, तिचा पाय जिथल्या तिथं.

"हिच्याशिवाय हे काम हुईतच न्हाय," असं तो चारचौघांत सांगायचा. ती गेल्यावरही सांगत होता. खरं तर त्या एका वाक्याला धरूनच तो दिवस काढत होता. काम अडलंय म्हणजे तिची जागा अजून रिकामी आहे. उद्या तिच्याशिवाय काम झालं, तर तेवढंही त्याच्याकडं राहणार नव्हतं.

आणि नेमका त्यातच वारणाकाठचा ऊसवाला बाळासो येऊन टपकला. हौसेला मोल नसलेला माणूस. कुठल्याशा सरदार घराण्याची पंधरा वर्षांची जर्मन गाडी त्यानं उचलली होती. तिला कार्बोरेटरच नव्हता. डिझेल इंजिनाला असतो तसा पंप होता, तो प्रत्येक सिलिंडरला मोजूनमापून पेट्रोल द्यायचा. असला पंप उघडलेला कोल्हापुरात एकच माणूस, आणि तो हात जोडून उभा.

"उभी असली की गरीब गाय," बाळासो सांगत होता. "सुसाट सोडली तरी झकास. पर वाघबिळाच्या चढाला निम्मा पाय दिला की हुचक्या देत्या बघा. पंप बदला म्हणत्यात सगळी. पंप काय मंडईत मिळतोय व्हय?"

"दुसरीकडं बघा, बाळासो."

"कुठं बघू? वैनी गेल्या, लई वाईट झालं. पर तुमी जित्तं हाय न्हवं?" असं म्हणून किल्ली टेबलावर टाकून तो चालता झाला. सांजच्याला येतो म्हणाला.

गणपतरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हाताची खोड काही जात नाही. त्यानं बॉनेट उघडलं. प्लग बघितले, फिल्टर बघितला, नोझल काढून फवारा बघितला. सगळं ठीक. मग त्याची नजर दांड्यांवर गेली. ॲक्सिलेटर दाबला की एक दांडी हवेची झडप उघडायची आणि दुसरी पंपाचा खटका फिरवायची. दोघींनी बरोबरीनं चालायला पाहिजे. पेट्रोल मागं पडलं की हुचकी. कुठं घोडं पेंड खातंय याचा त्याला अंदाज आला. पण हातानं दांडी धरली की तिचा ढिलेपणा हातातच लपायचा. पायच पाहिजे होता.

त्यानं शेजारच्या लेथवाल्या ज्ञानूला बोलावून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, निम्मा पाय द्यायला सांगितलं. इंजिनानं हुचकी दिली, ज्ञानूनं दाबलं, गाडी गुरगुरली.

"अरं, दाबू नगंस."

"मी कुठं दाबतोय? त्योच दाबतोय." ज्ञानूनं आपल्या पायाकडं असं बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. चार वेळा तेच झालं. गणपतरावानं त्याला वाटेला लावलं. आत कुठंतरी त्याला बरंही वाटलं.

मग गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकाला लावलेली गॅरेजातली नेहमीची वीट त्याला दिसली. खरं सांगायचं तर सात महिने ती त्याला दिसतच होती, त्यानं बघितलं नव्हतं एवढंच. एका दिवाळीच्या तोंडावर, घरी ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, बनाबाई म्हणाली होती, "अवो, हितं एक वीट ठिवली तर भागत न्हाय व्हय?"

"न्हाय भागत," बॉनेटमधनं डोकं वर न काढता त्यानं सांगितलं होतं.

भागत होतं. त्याला तेव्हाही ठाऊक होतं. पण दुपारचा तो अर्धा तास काचेपलीकडं ती बसलेली त्याला पाहिजे असायची. बायकोला "बस जरा माझ्याजवळ" असं म्हणायची आपल्यात रीत कुठं आहे? म्हणून त्यानं गाडीचं नाव पुढं केलं. आणि मशीनवर जन्म काढलेल्या बाईला हे कळलं नसेल होय? कळूनच ती येत राहिली. रात्री जागून ब्लाउज शिवायची, पण दुपारी यायची.

बराच वेळ तो वीट हातात घेऊन उभा राहिला. मग वाकून त्यानं ती ॲक्सिलेटरवर टेकवली आणि मागं लाकडाचा ठोकळा सारून निम्म्यावर बेतली. इंजिन चालू केलं. हुचक्या सुरू झाल्या. वीट ढिम्म हलली नाही. त्यानं पंपाचा खटका एका बोटानं केसभर पुढं सारला. हुचक्या थांबल्या, इंजिन लोण्यासारखं फिरू लागलं. दांडीच्या टोकाची वाटी घासली होती, त्यात तेवढीच केसभर फट होती. दहा मिनिटांचं काम. पंपाला काही झालेलं नव्हतं.

"सापडलं गं," तो म्हणाला. "सोड आता."

इंजिनाचा आवाज उतरला नाही. त्यानं बॉनेटच्या कडेनं बघितलं. काचेपलीकडं रिकामी सीट होती.

आजूबाजूच्या कारखान्यांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही, पण भर दुपारी गणपतराव बॉनेटला धरून हुंदके देऊन रडला. गाडी तशीच चालू होती. शेवटी डोळे पुसून तो गाडीच्या दाराशी गेला आणि खाली वाकून स्वतःच वीट काढली.