दगडांपलीकडची हाक

दुपारच्या उन्हात दरीच्या दोन्ही भिंती भट्टीसारख्या तापल्या होत्या, पण कपारीखाली मात्र गारवा होता. डोक्यावर छतासारख्या पुढे आलेल्या त्या लाल खडकाखाली मार्वा आणि थेन कित्येक वर्षं आपल्या पाहुण्यांना जेवायला थांबवत आले होते. नवरा-बायको दोघंही वाटाडे. राहायचे अमेरिकेत, दक्षिण युटातल्या एका लहानशा गावात, आणि उन्हाळा-पानगळीत पाठीवर बोजा बांधून लोकांना या दऱ्यांतून मुक्काम करत करत फिरवून आणायचे.

या खेपेला पाहुण्या दोघीच होत्या. ओहायोच्या इडा आणि विनी. सत्तरीला टेकलेल्या बहिणी, दिवसभर एकमेकींना टोमणे मारत चालायच्या.

"विनी, काल तुझ्या मोज्यांच्या वासानं विंचूसुद्धा पळाले बघ."

"पळाले ना? मग आभार मान माझे."

थेन गालातल्या गालात हसला. तो बोलायचा फार कमी. चुलीवर राजम्याचं पातेलं ढवळत तो पाठमोरा बसला होता. मार्वा जाकिटाची उशी करून, तोंडावर टोपी ठेवून आडवी झाली होती. सकाळभर गुडघाभर पाण्यातून चालून तिचे पाय भरून आले होते.

थोड्या वेळानं बहिणी झऱ्याच्या वरच्या अंगाला फिरायला गेल्या, आणि विनी लगेच धावत परत आली. मार्वाच्या कानाशी वाकून कुजबुजली, "चल लवकर, डबक्यात बेडकाची एवढी एवढीशी पिल्लं आहेत!" मार्वा कंटाळत उठली. टोपी तशीच जाकिटावर राहिली. थेनला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. अशी किती दूर जाणार होती ती?

डबक्यापाशी पोचून ती वाकते न वाकते तोच कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. पायाखालची वाळू हादरली. वळणाआडून धुळीचा लोट आला आणि तिघी त्यात बुडाल्या.

आभाळ तर निरभ्र होतं. मार्वाला काय ते त्या क्षणी कळलं. ती धावत सुटली.

वळणापलीकडे कपार राहिलीच नव्हती. अख्खं छत खाली आलं होतं. कड्यावर ताजी, फिकट जखम दिसत होती, आणि ट्रकएवढे दगड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दरी बुजवून बसले होते. मार्वाच्या डोळ्यांपुढे होती फक्त मघाची थेनची पाठ, पातेल्यावर वाकलेली. ती जिथे होती तिथे आता दगड होते.

आणि तेवढ्यात दगडांतून हाक आली.

"मार्वा! मार्वाऽऽ!"

जिवंत होता! खाली गाडला गेला होता, पण जिवंत होता. 'आले, थेन,' असं ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण दातखीळ बसावी तसं झालं. ती वाळूत मटकन बसली.

"अगं बोल ना त्याच्याशी!" इडा तिचे खांदे गदागदा हलवत होती.

"मार्वी," पुन्हा आवाज आला, आता रडवेला. मार्वी! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं नाव. "घाबरू नकोस गं. मी आहे. काढतो तुला बाहेर."

काढतो तुला? मार्वाला काहीच समजेना. विनीच्या मात्र ध्यानात आलं.

"अगं बाई, तो खाली नाहीये! तो पलीकडे आहे. त्याला वाटतंय, तू खाली आहेस!"

दोघी बहिणी घसा फाटेस्तोवर ओरडल्या. पण कडा कोसळल्याच्या आवाजानं त्याचे कान बधिर झाले असावेत, त्याच्या हाका थांबेनात. मग मार्वा उठली आणि त्या ढिगाऱ्यावर चढायला लागली. वरून अजून खडे घरंगळत होते. एरवी कुण्या पाहुण्यानं असं केलं असतं तर तिनं त्याला धरून मागे ओढलं असतं.

माथ्यावरून तो दिसला. केसांपासून बुटांपर्यंत पांढरा, गुडघ्यांवर बसून एका भल्यामोठ्या दगडाखाली बोटं खुपसत होता. बोटं रक्तानं माखली होती. शेजारी वाळूत पीचच्या फोडींचा डबा पडला होता. खालच्या डोहात गार करत ठेवलेला तो डबा आणायलाच तो गेला होता.

खाली उतरून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं न बघताच तो झटकला.

"सरका! माझी बायको आहे खाली!"

तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तो तिच्याकडे बघत राहिला, कुणा परक्या बाईकडे बघावं तसा. आणि पुन्हा वळून दगड उकरू लागला.

मार्वाच्या अंगावर काटा आला. मघाच्या कडकडाटानं ती एवढी हादरली नव्हती. तिनं त्याचे दोन्ही रक्ताळलेले हात आपल्या गालांवर दाबून धरले आणि आता कुठे तिला आवाज फुटला. "थेन. ही बघ मी. ही बघ."

तो पुटपुटला, "टोपी होती तुझ्या तोंडावर."

"जाकिटावर होती, थेन."

"मी बघितलं ना! टोपी होती!" आणि मग तीस वर्षांत कधी आवाज न चढवलेला तो माणूस दरी दणाणून जाईल असा ओरडला, "सांगून जायला काय झालं होतं तुला?"

"आणि तू? तू सांगितलंस मला?" तीही तेवढ्याच जोरात ओरडली. मग दोघंही एकमेकांना धरून रडत बसले. बहिणी पलीकडून हाका मारत होत्या, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तंबू, शिधा, उपग्रहाचा फोन, सगळं दगडांखाली गेलं होतं. मार्वानं बहिणींना हात देत एकेक करून ढिगाऱ्यावरून अलीकडे आणलं. डबा उघडून चौघांनी बोटांनीच पीच खाल्ले. इडा विनीचा हात सोडत नव्हती. खालच्या वळणापासून एक उतरता खडक पठारावर जातो, त्या वाटेनं ते वर चढले. थेन दर थोड्या पावलांनी मागे वळायचा आणि माणसं मोजायचा. मार्वा त्याच्या शेजारीच चालत असली तरी मोजायचा. दुसऱ्या दिवशी कच्च्या रस्त्यावर राष्ट्रीय उद्यानाच्या पहारेकऱ्याची गाडी भेटली.

त्या उन्हाळ्यात थेनला घराच्या छताखाली झोप येईना. अंगणातल्या पिकअपच्या हौद्यात तो पथारी टाकायचा. मार्वानं काही दिवस समजावलं, मग तीही आपली उशी घेऊन तिथेच गेली.

सप्टेंबरात ती पुन्हा पाहुण्यांना घेऊन निघाली, सोबतीला दुसरी एक वाटाडी. थेननं त्यांना वाटेच्या तोंडाशी सोडलं.

"घरी जा आता," मार्वा म्हणाली.

"हो, जातो."

तो गेला नाही. मुक्काम संपवून ती वर आली तेव्हा गाडी तिथेच होती, आणि थेन टपावर उभा राहून वाटेकडे बघत होता. तिला पाहताच तो खाली उतरला, तिच्या पाठीवरचा बोजा काढून घेतला आणि तिच्या केसांतली वाळू झटकू लागला.