मलिकेच्या शेजारची खाट

आमच्या गल्लीत नवा चित्ता आला की दरबारच्या शिकारखान्याची माणसं लिंबाखाली, भर रस्त्यात, दोरीची एक खाट आणून टाकायची. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, गळ्याला नि कमरेला दोर बांधून त्याला खाटेवर बसवायचं, आणि मग चित्तेवानांच्या, म्हणजे चित्ते शिकवून सांभाळणाऱ्यांच्या, घरच्या बायका दिवसभर त्याच्या भोवती बसून बोलायच्या. काय बोलायचं याला बंधन नव्हतं. सुनेची गाऱ्हाणी चालत, कुणाची कोंबडी कुणाच्या परसात शिरली तेही चाले. रानातलं जनावर माणसाच्या आवाजाला सरावलं पाहिजे, एवढंच. बायकांना बडबडीसाठी दरबारनं नेमून दिलेलं मी तरी हे एकच काम पाहिलं. त्या कामात कुणी कसूर केल्याची तक्रारही कधी कानावर आली नाही.

लिंबासमोर माझं दोर-सुतळीचं दुकान. मी रुद्रय्या, लिंगायत वाणी. मांसाचा नुसता वास आला तरी धोतराचा सोगा नाकाला लावणारा. पण शिकारखान्याचे बहुतेक दोर माझ्याकडूनच जात, म्हणून चित्त्यांशी माझी सोयरीक. आणि खरं सांगतो, गिऱ्हाईक नसलं की माणसं मोजायची मला खोड होती. कोण किती वेळा तंबाखू मागतो, कोण नमस्कार करताना अगोदर पायातल्या चपला बघतो, याची गणती माझ्या डोक्यात आपोआप होई.

प्लेगात सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं. तिथून परत आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

त्या वर्षी मलिका नावाची मादी आली. आणली होती मीरासाबनं, तीन पिढ्यांच्या चित्तेवानानं. माणूस असा की चित्त्याच्या जबड्यातून हाड काढून घेताना हात कापायचा नाही. पण स्वतःच्या डोळ्यांपुढं त्याचं काही चालत नव्हतं. दुखणं सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर वाळू गेल्यासारखी जळजळ, संध्याकाळी लाल गुंजा. गुलाबपाणी झालं, त्रिफळ्याचं पाणी झालं, दर्ग्यातली उदी झाली, शेजारणीच्या सल्ल्यानं काजळही झालं. ते काजळ पाण्याबरोबर गालांवर ओघळलं, तेव्हा त्याची बायको सुगरा म्हणाली, "आता खरा शोभतोस. मलिकेच्या तोंडावर पण अशाच दोन रेघा हायत."

सगळे हसले. मीरासाब हसला नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याचा चुलता चमनचाचा म्हातारपणी दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला होता आणि शिकारखान्याच्या दारात बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत असे. मीरासाब रोज त्याच्यासमोरून जाताना पाय न वाजवता जायचा. आणि दिवसातून दहादा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून नजर ताडून बघायला समोरच्या कौलांवरची पारवी मोजायचा.

"अण्णा, नऊच हायत न्हवं?"

"नऊच."

"सकाळी दहा दिसलती."

"एक उडून गेलं असंल की. पारवं हाय, खुंटी न्हवं."

पण त्याला पटत नसे. डोळे चोळायचा, परत मोजायचा. चोळल्यानं पाणी यायचं, पाण्यानं पारवी पुसट व्हायची, पुसट झाली की छातीत धडधड, की पुन्हा चोळायचा. एका दुपारी मी हातात सुतळी घेतली आणि त्यानं डोळा चोळला की एक गाठ मारत गेलो. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्रेचाळीस गाठी झाल्या. त्यातल्या तीस तरी पारवी मोजून झाल्यावरच्या.

अशात शिकारखान्याचे अधिकारी हंबीरराव एक दिवस फेरीला आले. आठवड्याभरात दरबारचे पाहुणे यायचे होते, रायबागच्या माळावर काळविटाची शिकार ठरली होती आणि मलिकेला पहिल्यांदा सोडायचं होतं. हंबीररावांनी मीरासाबच्या तोंडाकडं बघितलं.

"डोळं लाल का रं? ताडी घेतलीस?"

मीरासाब पाच वेळचा नमाजी. ताडीच्या झाडाखालनंसुद्धा न जाणारा. मी कान टवकारले.

"व्हय सरकार," तो म्हणाला. "जरा घेतली."

डोळ्यांचं दुखणं कबूल करण्यापेक्षा त्यानं दारुडा व्हायचं पत्करलं होतं! दारू सुटते, डोळे गेलेला चित्तेवान दारात बसतो. हा त्याचा हिशेब.

"पुन्यांदा दिसलास असा, तर मलिकेचा दोर त्या दुसऱ्या चित्तेवानाच्या, अल्लाउद्दीनच्या हातात देईन," हंबीरराव म्हणाले आणि गेले.

दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं की मीरासाब पितो. सुगरा पाण्याची घागर काखेत घेऊनच माझ्या दुकानासमोर आली. "अण्णा, तुम्ही हुता न्हवं तिथं? काय म्हणाला ह्यो?"

मी सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली, नवऱ्याकडं वळली आणि म्हणाली, "अल्लाला तोंड दावायचंय न्हवं तुला? मग डाक्टरला डोळं दावायला काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं, कारण नवरा तिथलं अर्धंच ऐकेल अशी सुगराला खात्री होती. डॉक्टर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी बोटानं पापणी उलटी केली, भिंगातून बराच वेळ पाहिलं, भिंतीवरची अक्षरं कुठल्या बाजूला उघडी आहेत ते विचारलं.

"पापण्यांच्या मुळाशी जुनाट दाह आहे," ते म्हणाले. "पूर्ण जाणार नाही, कमी-जास्त होत राहील. नजर शाबूत आहे. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून गरम पाण्याचा कपडा ठेवायचा, पापण्या हलक्या हातानं धुवायच्या. आणि चोळायचं नाही. जळजळीनं कुणी आंधळा झालेला मी पाहिला नाही. चोळून डोळ्याला इजा करून घेतलेले पुष्कळ पाहिले."

"आणि माझ्या चुलत्याचं?"

"त्यांना मोतीबिंदू असेल. ते वेगळं दुखणं."

बाहेर आल्यावर मीरासाब म्हणाला, "जाणार न्हाय म्हणाला."

सुगरा म्हणाली, "नजर शाबूत हाय म्हणाला."

एकाच दुकानातून दोन गिऱ्हाइकं बाहेर पडली, आणि दोघांच्या पिशवीत वेगळा माल!

घरी गरम कपड्याची तऱ्हा निराळीच झाली. कपडा डोळ्यांवर ठेवला की अंधार, आणि अंधार झाला की मीरासाबला वाटे, हे असंच राहणार. चार श्वास झाले की कपडा ओढून काढी आणि उघड्या डोळ्यांनी पारवी शोधायला पळे. दोन दिवस सुगरानं हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती लिंबाखाली मलिकेजवळ बसली होती. मलिकाही त्या वेळी नवीनच. टोपी घातली की मान झटके, पंजानं ओढायला बघे. सुगरा तिला बोलण्यात गुंतवत होती आणि मध्येच गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून मी वर पाहिलं.

ती उठली, घरातून दुसरी खाट ओढत आणली आणि मलिकेच्या खाटेशेजारी टाकली.

"अण्णा, दोन हात मऊ दोर द्या."

"कुणासाठी?"

"नव्या जनावरासाठी."

मीरासाबला तिनं भर गल्लीत खाटेवर निजवलं. डोळ्यांवर गरम कपडा ठेवला. दोन्ही मनगटं खाटेच्या माचव्याला सैलशी बांधली, चोळायला उठू नयेत इतपत. आणि शेजारणींना म्हणाली, "बोला गं. ह्याला बी माणसाळवायचाय."

गल्ली लोटली. पोरं झाडावर चढली. माझी बायको शांतादेवी, जी शिकारखान्याकडं कधी तोंड करत नसे, ती उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "तुमालाबी एक खाट सांगू काय? दिवसभर दुसऱ्याचं मोजायची खोड जाईल."

पहिल्या दिवशी मीरासाब तडफडला. "सोड सुगरा, मला कायबी दिसंना झालंय!" असं ओरडला. सुगरा म्हणाली, "डोळं मिटल्यावर कुणाला दिसतंय? तुझ्या मलिकेला तरी दिसतंय का?" आणि लगेच शेजारणीला विचारलं, "तर मग मेथीचं काय झालं?" मेथीची भाजी, जावयाचा रुसवा, गारगोटीच्या बाजारात हरवलेली शेळी, सगळं त्याच्या अंगावरून वाहत राहिलं. कपडा गार झाला की दुसरा.

मी गाठी मारत होतो. खाटेवरून उठल्यानंतर दिवसभरात किती वेळा चोळतो, एवढंच मोजायचं ठरवलं होतं. एकतीस. मग बावीस. मग अकरा. आणि शिकारीला निघायच्या आदल्या दिवशी जे पाहिलं, ते मी आजवर विसरलो नाही. दोन खाटा शेजारी. एकीवर टोपी घातलेलं, वाऱ्याला मागं टाकणारं जनावर; दुसरीवर कपडा घेतलेला माणूस. दोघांच्या छात्या एकाच वेळी वर होत होत्या, एकाच वेळी खाली. मलिकेच्या गळ्यातून मांजरासारखी घुरघुर निघत होती आणि बायका कुजबुजत बोलू लागल्या होत्या, देवळात बोलावं तशा.

मी जवळ गेलो. "मीरासाब, जळजळ हाय?"

"हाय की," तो कपड्याखालून म्हणाला. "बसलीया शेजारी. बसू दे."

मागच्या शिकारीत एक दोर तुटला होता. तो मी विकलेला नव्हता, तरी हंबीररावांनी हुकूम सोडला, दोर वाण्याचा, तर वाणी बरोबर चालेल. म्हणून तीन मुक्काम करून मी रायबागच्या माळावर, मागच्या छकड्यात, नाकाला सोगा लावून बसलो होतो. पुढच्या छकड्यात मलिका टोपी घालून, तिच्या बाजूला मीरासाब. शेतकऱ्याच्या गाडीला काळविटं बुजत नाहीत, म्हणून गाड्या नांगरटीला निघाल्यासारख्या वाकड्या-वाकड्या कळपाकडं सरकत होत्या. हंबीररावांचा घोडा माझ्या छकड्याशेजारी. त्यांची नजर कळपावर नव्हती. ती मीरासाबवर होती.

आणि नेमका वारा फिरला. माळावरची सगळी धूळ आमच्या अंगावर आली. मीरासाबच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या; त्याचा छकडा तिरका वळला होता, म्हणून मला मागूनसुद्धा दिसल्या. त्याचा उजवा हात वर उठला. माझी बोटं सुतळीकडं गेली.

हात अर्ध्यात थांबला. खाली आला. मलिकेच्या मानेवर टेकला. दुसऱ्या हातानं त्यानं तिची टोपी काढली, आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले.

"सोड," हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले. "सोड की!"

तो हलला नाही. मिटल्या डोळ्यांनी बसून राहिला, तळवा तिच्या मानेवर. मलिकेचं डोकं इकडं वळलं, तिकडं वळलं. कळपातला काळा नर मान वर करून उभा होता. हंबीररावांनी घोड्याला टाच मारायला पाय उचलला. तेवढ्यात मलिकेचं डोकं थांबलं. कातडीखाली काय झालं ते मला दिसलं नाही. मीरासाबच्या तळव्याला कळलं. त्यानं दोर सोडला.

मी दोर विकणारा माणूस. लांबी, जाडी, वजन, सगळं नजरेनं सांगतो. पण ती धाव किती हातांची होती ते मला सांगता येणार नाही. छकड्यावर ती होती, आणि मग माळावर एक पिवळी रेघ ओढली गेली. त्या रेघेला पाय नव्हते. नर वळला की रेघ वळे. मातीचा ढग उठला तो तिच्या मागं, फार मागं, जणू मातीलाही तिची वार्ता उशिरा कळली होती. बैलांनी कान ताठ केले. मी सोगा नाकावरून काढला होता हे मला नंतर समजलं.

ढग बसला तेव्हा नर खाली होता आणि तिचा जबडा त्याच्या गळ्यावर. तिथं मात्र मी मान फिरवली.

मीरासाबनं आता डोळे उघडले. दोन-तीनदा मिचकावले. लाकडी पळी घेतली, टोपी घेतली, आणि बोलत-बोलत चालत निघाला. भुकेल्या चित्त्याच्या तोंडातून शिकार सोडवायला आवाज एकसारखा लागतो. वाऱ्यावर मला शब्द ऐकू आले. "...तर मग मेथीचं काय झालं, मलिका? शेळी सापडली का न्हाय?" तिनं एकदा गुरगुरून पाहिलं. मग त्यानं शिकारीच्या गळ्याखाली भरून पुढं केलेल्या पळीतलं रक्त चाटलं, आणि मान पुढं करून टोपी घालून घेतली.

तो परत आला तेव्हा हंबीरराव घोड्यावरून उतरले होते.

"आजबी डोळं लाल हायत."



"लालच असत्यात, सरकार," मीरासाब म्हणाला. "त्या दिवशी खोटं बोललो. प्यालो नव्हतो. पापण्यांचं जुनं दुखणं हाय. जाणार न्हाय." मग सुगराच्या पिशवीतला माल काढावा तसा म्हणाला, "नजर शाबूत हाय."

"मग सोडताना डोळं का मिटलंस?"

"धुळीत माझ्या डोळ्याचं काय खरं? बघायचं काम तिचं. टोपी काढायची आणि हात ठेवायचा, ते माझं."

हंबीरराव मलिकेकडं बघत राहिले. टोपीखालून त्या दोन काळ्या रेघा ओघळलेल्या दिसत होत्या. त्यांनी हात पुढं केला, तिच्या पाठीवर ठेवायला, आणि ठेवला नाही. मागं घेतला.

"दोर तुझ्याकडंच," एवढंच म्हणून ते घोड्यावर चढले.

तीन मुक्कामांनी गल्लीत आलो. सुगरा दारातच उभी होती. नवऱ्याला ओलांडून ती सरळ माझ्याकडं आली. "अण्णा, माळावर किती गाठी झाल्या?"

मी खिशातून सुतळी काढली. नवी, सरळ, एकही गाठ नसलेली.

"चोळलंच न्हाय?"

मला खोटं बोलवेना. "तसं न्हाय भाभी. मी मोजायचंच विसरलो."

ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. रुद्रय्या मोजायचा विसरला, हे तिला मलिकेच्या धावेपेक्षा मोठं वाटलं असावं. मग तिनं चुलीवरचं आधण उतरवलं, दोन फडकी घेतली आणि लिंबाखालची खाट झटकली.

"चल," ती नवऱ्याला म्हणाली. "इतक्या दिवसांची धूळ हाय. बस खाटेवर."

मीरासाब खाटेवर आडवा झाला. मनगटं त्यानं आपणहून माचव्याशी नेली. मी दुकानातून दोर काढू लागलो तर सुगरानं मानेनं नको म्हटलं. समोरच्या कौलांवर पारवी बसली होती. किती होती, ते त्यानं विचारलं नाही.