डॉर्सी प्रुइट घरी परततो तो प्रसंग

आर्व्हेलाबाईंनी चित्रीकरणासाठी मांडलेल्या मक्याच्या पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला पाव सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकला.

“यात साखर कुणी घातली?”

दिग्दर्शक प्रेस्टन धावत आला. “बाई, साखर पडद्यावर कुणाला दिसणारे?”

“डॉर्सीला दिसली असती.”

डॉर्सी प्रुइट म्हणजे त्यांचा नवरा. त्याच्या गाण्यांवर अख्खं केंटकी रडायचं. तो गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि आता त्याच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता. सगळं खरंखुरं दाखवायचं म्हणून कंपनीनं आर्व्हेलाबाईंना मानानं खुर्ची दिली होती, आणि सकाळपासून कंपनी पस्तावत होती. तरुणपणीची आर्व्हेला झालेली नायिका म्हणे नुसती काडी. “मी डुकराचं पिल्लू काखोटीला मारून कुंपण ओलांडायचे. हिला वारा नेईल!” गिटारचा पट्टा चुकीच्या खांद्यावर. कुत्रा तर चक्क शहरी. शेजारी धाकटी बहीण ओना उकडलेल्या शेंगा खात प्रत्येक तक्रारीला मान डोलवत होती.

जेवणानंतर मुख्य प्रसंग होता. अकरा महिने गावोगाव गात फिरून, मधे नॅशव्हिलच्या एका गायिकेबरोबर वर्तमानपत्रात गाजून, डॉर्सी घरी परततो. खरा डॉर्सी परतला तेव्हा त्यानं टोपी खुंटीला अडकवली होती आणि विचारलं होतं, “कोंबड्यांना दाणे घातलेस?” त्या गायिकेच्या विषयावर पुढची चाळीस वर्षं दोघांत अवाक्षर निघालं नव्हतं.

डॉर्सी झालेला नट, वेस्ली, दारात उभा राहिला. त्यानं टोपी छातीशी धरली.

“आर्व्हे, चुकलं माझं. तू होतीस म्हणून मला घर होतं, आणि मी तेच विसरलो.”

“कट!” म्हणून प्रेस्टननं धास्तावून खुर्चीकडे पाहिलं.

ओनाच्या हातातली शेंग हातातच राहिली. “अगं, हे कधी म्हणाला तो? तो तर कोंबड्यांचं...”

“तू शेंगा खा.”

“बाई, बरोबर होतं का?” प्रेस्टननं विचारलं.

आर्व्हेलाबाईंनी मांडीवरची पर्स उघडली आणि काहीच न काढता मिटली.

“नाही.”

प्रेस्टननं कपाळाला हात लावला. “आता काय चुकलं?”

“घाई करतोय पोरगा. मागे गाडी सुटत असल्यासारखा. आणि बोलताना जमिनीकडे काय बघतो? तिच्याकडे बघ म्हणावं.”

दुसऱ्यांदा वेस्ली सावकाश बोलला. तिसऱ्यांदा आवाज जरा घोगरा हवा होता. चौथ्यांदा नायिकेलाच हुंदका आला आणि तिचा चेहरा पुन्हा रंगवावा लागला. ऊन खिडकीवरून उतरायला लागलं, तसा प्रेस्टन येऊन खुर्चीपाशी उकिडवा बसला.

“बाई, आता तरी अगदी त्यांच्यासारखं झालं ना?”

आर्व्हेलाबाईंची नजर दारावर होती. वेस्ली टोपी घालून पुन्हा बाहेर जाऊन उभा राहिला होता.

“जवळ आलाय,” त्या म्हणाल्या. “घ्या अजून एकदा.”