हत्तिणीच्या कपाळाचा पोचा

"सांगतो ते तुमच्यातली एकही जण खरं मानणार नाही," म्हातारा परमुआत म्हणाला आणि चहाचा कप त्यानं बाकावर असा आपटला की शेजारणीची तळलेली मंदाझी थाळीतून उडाली. "ती पांढरी व्हॅन दिसतेय ना? तिला एका हत्तिणीनं कपाळ लावून चिखलातून बाहेर काढलंय. मागे जाऊन पोचा बघा. कपाळाचाच आहे."

नारोकच्या बाजारातल्या त्या टपरीवर परमुआतनं सकाळी सकाळी थाप मारावी यात नवल नव्हतं. पण आजच्या थापेवर बरंच काही टांगलेलं होतं. नाकुरूच्या पाच शाळामास्तरणी वर्षभर भिशी लावून मसाई माराचं रान बघायला निघाल्या होत्या, आणि कोणती गाडी ठरवायची यावर त्यांचा दोन कप चहा होऊन गेला होता. मुटिसोची उघडी जीप की रेसियातोची व्हॅन?

रेसियातो परमुआतची धाकटी लेक. तिच्या व्हॅनसाठी म्हाताऱ्यानं अकरा गाई विकल्या, आणि वर आपला लाडका पांढरा बैलही. तीन आठवडे झाले, गिऱ्हाईक म्हणून नाही. काल तिनं सांगून टाकलं होतं, "बाबा, उद्या दुपारी कोबीचा व्यापारी येतोय. आवडली तर गाडी देऊन टाकते. मी लॉजवर चादरी बदलायला जाईन."

नुसती शीळ ऐकून पाखराचं नाव सांगणारी पोर, आणि चादरी बदलणार? कालपासून म्हाताऱ्याला घास गोड लागत नव्हता.

"आजोबा, हत्तीण राहू द्या तिच्या घरी," मास्तरणींची म्होरकी न्यागुथीबाई म्हणाली. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, चष्म्यावरून बघायची सवय. "जीपचं दिवसाला पंचवीस हजार, व्हॅनचं बारा. एवढा हिशोब मला येतो. मला भीती एकच. गाडी जुनाट असली आणि रानात बसली, तर काय पाच जणींनी सिंहासमोर उतरून ढकलायची?"

"तुम्ही पुढे उतरा बाई," मागून एक जण म्हणाली. "तुम्हाला बघून अख्खी आठवी पळायची, सिंहाचं काय घेऊन बसलात!"

हशा पिकला. तेवढ्यात मुटिसो जीपला टेकून ओरडला, "बाई, थापा ऐकू नका, नंबरपाटी बघा! माझी 'केसी'नं सुरू होते. अक्षरं जितकी पुढची, तितकी गाडी कोवळी. विचारा त्या म्हाताऱ्याला, त्याची कुठली!"

वाचायची सोय नव्हती. व्हॅनच्या पाटीवर नारोकची सगळी धूळ येऊन बसली होती.

"बाई, मी खरं सांगते," रेसियातो मध्ये पडली. "पावसाळ्यात आला असतात तर मीच म्हटलं असतं, जीप घ्या. ती काळी माती व्हॅनला गिळते. पण आता जुलै आहे, जमीन खडखडीत. व्हॅन सगळीकडे जाते. छप्पर वर होतं, पाचही जणींना उभं राहून दिसेल. आणि उरलेल्या पैशांत आणखी एक दिवस राहाल."

न्यागुथीबाईनं मान हलवली. पोरगी तिला आवडली, हे परमुआतला दिसलं. "ते ठीक. पण गाडीचं वय किती?"

आता इथं दुसरा कोणी असता तर त्यानं चार वर्षं लपवली असती. पण परमुआत मसाई म्हातारा. त्याच्या लोकांत वय म्हणजे मान. जनावर घ्यायचं तर आधी त्याची आई विचारायची, मग आजी. कोवळ्या वासराला कोण विचारतो? मुटिसोनं 'कोवळी' म्हणून आपल्याच जीपची लाज काढली असंच त्याला वाटलं, आणि इथंच आपला डाव साधायचा म्हणून त्यानं काठी रोवली.

"वय? बाई, मोठ्या पावसाचं ते साल आठवतं? बावीस वर्षं झाली. रस्ते वाहून गेले, पूल वाहून गेले, आमच्या चौकीदाराची खाट थेट टांझानियात सापडली, त्याच्यासकट. त्या पावसात ही व्हॅन रानात रुतली, दारापर्यंत. आत माझी बायको, दिवस भरलेली. मी छप्पर वर केलं आणि हाक मारली. आला एक जिराफ. त्यानं वरून मान घातली आणि बायकोला वारा घातला, कानांनी!"

"कानांनी!" मास्तरणी तोंडावर हात धरून हसत होत्या.

"मग हत्तीण आली. ती बाईमाणूस, तिला कळ कळली. लावलं कपाळ, दिला धक्का. गाडी सुटली, आणि त्याच हिसक्यात तिसऱ्या सीटवर ही रेसियातो जन्मली. म्हणून तर पोरीला रान कळतं! बावीस वर्षं, बाई. अशी मुरलेली गाडी अख्ख्या नारोकात दुसरी नाही."

"बाबा!" रेसियातोनं कपाळाला हात लावला. बावीस वर्षं ऐकून मास्तरणींचं हसू थांबलं होतं. मुटिसो जीपचं दार उघडून अदबीनं उभा राहिला. म्हाताऱ्याला कळेना, एवढी थोरवी सांगितली आणि या बायका पिशव्या का आवरतायत? पांढरा बैल त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्याच्या मागे कोबीची पोती.

न्यागुथीबाई उठली. सरळ व्हॅनमागे गेली. पोचा पाहिला, त्यावर बोट फिरवलं. मग वाकून गळ्यातल्या रुमालानं तिनं पाटी पुसली, एकेक अक्षर, फळा पुसावा तशी. चष्मा सारखा केला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात ओरडली:

"आजोबा, साफ खोटं! ही 'केबीएच' आहे. मोठ्या पावसात या अक्षराची गाडी देशात नव्हतीच! ही रस्त्यावर आली तेव्हा तुमची लेक पाढे म्हणत असणार. निम्मंसुद्धा वय नाही हिचं! रेसियातो, कर छप्पर वर. पुढची सीट माझी."