माझ्या पोटात राहिलेलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. तुमच्या बोटाएवढी, पण पोटात अख्खा खडक घेऊन बसलेली. जमिनीखालच्या खडकाच्या बारीक छिद्रांत तेल अडकलेलं असतं. पाणी सोडल्यावर ते कसं बाहेर येतं, हे खडकात शिरून कोण बघणार? म्हणून प्रयोगशाळेतल्या ताईने खडकाच्या चकतीचा फोटो काढला, त्यातल्या छिद्रांची नक्षी आम्लाने माझ्यावर कोरली आणि वर दुसरी काच ठेवून भट्टीत दोघींना एकजीव केलं. सहा पट्ट्या तडकल्या, तेव्हा कुठे मी जमले.

मग माझं कौतुक काय विचारता! ताईचे सर पाहुण्यांना सांगायचे, ही काच नाही, खडकच आहे. मी नुसती फुगून जायचे.

एकच गोष्ट नकोशी वाटायची. प्रयोग झाला की मला झणझणीत द्रावणाने धुवायचे आणि डबीवरच्या कार्डावर तशी खूण करायचे. एका शुक्रवारी सरांनी पाहुण्यांना माझ्यावर प्रयोग करून दाखवला, आणि ते निघाले तेव्हा घाईत मला न धुता तशीच डबीत टाकली. खूण मात्र केली. सुटले बाई एकदाची, म्हणून मी खूश झाले. आज सांगतानाही लाज वाटते.

सोमवारी ताईचं शेवटचं मोजमाप होतं. कार्डावरची खूण पाहून तिने मला तशीच वापरायला घेतलं. ते आधीच्या दोन मोजमापांशी जुळलं तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता. पण दोन दिवसांत तेल माझ्या भिंतींना घट्ट चिकटलं होतं. पाणी एकाच वाटेने सुळकन निघून गेलं, बाकी तेल जागचं हललं नाही. तुझा हात चुकला, आता हे काम दुसऱ्याला देतो, असं सर म्हणाले. ताई मला धुवायला घेऊन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुऊनही एक तपकिरी डाग राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहून ताई मला सरांकडे घेऊन गेली.

"सर, हा डाग आजचा नाही, जुन्या वाळलेल्या तेलाचा आहे. शुक्रवारी धुतली होती का?"

सरांनी कार्ड पाहिलं. हिरव्या शाईची खूण त्यांचीच होती.

"नव्हती धुतली," ते खाली बघत म्हणाले. "खूण खोटी आहे. काम तुझंच राहील."

त्यांनी बाह्या सरसावून मला स्वतः तीनदा धुतलं. पुढचं मोजमाप जुळलं.

मित्रांनो, वस्तू वापरलीत की वेळच्या वेळी धुवा, आणि न केलेल्या कामापुढे खूण करू नका. द्रावण मला अजूनही झोंबतं. पण आता मी कुरकुरत नाही.