चमचाभर पाणी

पक्षाघातानंतर हिच्या नाकात नळी होती. आज पाणी नीट गिळता आलं, तरच ती निघणार होती. मी हातातल्या पुस्तकात वाचलं होतं, की गिळताना श्वास थांबतो, स्वरयंत्र वर सरकतं आणि एक इवलंसं झाकण श्वासनलिका झाकतं. हे सगळं आपण न शिकताच करतो, याचं मला फार नवल वाटतं.

"आजी, हनुवटी छातीकडे घ्या आणि गिळा," थेरपिस्ट म्हणाली.

हिने चमचाभर पाणी गिळलं. खोकला आला नाही.

"आता बोला काहीतरी. आवाज घरघरला, तर पाणी अडकलंय."

ही माझ्याकडे वळली. "अहो, पुस्तक मिटा आणि तुम्हीही आवंढा गिळा."

आवाज अगदी स्वच्छ होता. थेरपिस्ट नळीची चिकटपट्टी सोडवू लागली. मी आवंढा गिळला. तेवढं मलाही जमलं.